तरीही मी ते स्तोत्र का वाचतो

‘धाकटा भाऊ प्रवासातच गेल्यावरही तुम्ही निघताना देव राखतो असे सांगणारे बायबलमधले 121वे स्तोत्र कसे वाचू शकता?’ हा प्रश्न मला उपासनेनंतर, अंत्यविधीच्या वेळी, एकदा तर विवाहसमारंभातही विचारण्यात आला आहे. काहींना माझ्या तोंडून ‘देवाने राखले नाही’ एवढेच ऐकायचे असते, तर काहींना माझा विश्वास नेमका कोठे उणा पडला ते शोधायचे असते. दोघांनाही आजवर टाळत आलो. तुम्ही विचारलंत म्हणून आता लिहितो.

त्या रात्री आम्ही सहा जण प्रार्थना-शिबिराला निघालो होतो आणि गाडी भाऊ चालवत होता. मध्यरात्र उलटल्यावर त्याने गाडी कडेला घेतली आणि म्हणाला, “दादा, डोळे मिटायला लागलेत. दोन तास पडू या का?” सकाळच्या पहिल्या सत्रात वचन मला सांगायचे होते आणि त्यासाठी मी बायबलमधल्या एज्राच्या पुस्तकाचा आठवा अध्याय तयार केला होता. तोच मी त्याला ऐकवला. बाबेलहून यहुदी लोकांना घेऊन यरुशलेमेला निघालेल्या एज्रा याजकाने अहवा नदीपाशी उपास नेमला. वाटेतल्या शत्रूंपासून रक्षणासाठी पारसाचा राजा अर्तहशश्त याच्याकडे शिपाई आणि स्वार मागण्याची त्याला लाज वाटली, कारण आमचा देव त्याला शोधणाऱ्यांचे भले करतो असे त्याने राजाला आधीच सांगितले होते. “त्यांच्याजवळ 650 किक्कार (वजनाचे जुने माप) रुपे आणि 100 किक्कार सोने होते, बरोबर मुलेबाळे होती, तरी ते निघाले,” मी म्हणालो, “आणि आपण तर प्रार्थना करून निघालो आहोत.” तो काही बोलला नाही. त्याने तोंडावर पाणी मारले आणि पुन्हा स्टिअरिंगपुढे बसला. त्याला माझे म्हणणे पटले होते, की मोठ्या भावाचा शब्द मोडायचा नाही म्हणून तो उठला, हे मला कधीच कळणार नाही. पाऊण तासाने गाडी रस्ता सोडून झाडावर आदळली. आम्ही पाच जण वाचलो. शुद्धीवर येताच आमच्यातला एक जण “प्रभूने राखले” असे म्हणाला, तेव्हा मला त्याच्याकडे पाहवले नाही.

मी त्याच्यावर बळजबरी केली नव्हती, तो जाणता होता, इतर चौघांपैकीही कोणी थांबू या म्हटले नाही. हे सारे खरे आहे आणि कित्येक वर्षे मी स्वतःला हेच सांगत आलो. पण ज्या अध्यायाचा आधार घेऊन मी त्याला उठवले, तोच अध्याय मी धड वाचलेला नव्हता. शिपाई मागू नकोस अशी देवाची आज्ञा झाली होती, असे एज्रा कोठेही म्हणत नाही. मागायची लाज वाटली, एवढेच तो प्रांजळपणे सांगतो. त्यानंतर 13 वर्षांनी, त्याच अर्तहशश्त राजाच्या कारकिर्दीत, यरुशलेमेचा कोट बांधायला निघालेला नेहम्या सरदार आणि स्वार घेऊन त्याच नगराला गेला आणि देवाचा हात आपल्यावर होता, असे त्यानेही लिहिले. शिवाय एज्रा थांबला होता. नदीपाशी तीन दिवस तळ दिल्यावर बरोबर लेवी, म्हणजे मंदिराचे सेवक, नाहीत असे दिसले, तेव्हा त्याने माणसे पाठवून ते आणवले. रुपे-सोने तोलून 12 याजकांच्या हवाली केले आणि पोहोचल्यावर पुन्हा तोलून घेतले. मी माझ्या टिपणातून नेमके त्याचे थांबणेच गाळले होते. मंदिराच्या शिखरावर येशूला खाली उडी टाक म्हणताना सैतानानेही, देवदूत तुला राखतील असे सांगणारे 91वे स्तोत्रच म्हणून दाखवले होते, हे आठवले की त्या रात्री मी कोणाच्या रीतीने वचन वापरले, या विचाराने अंगावर काटा येतो.

तरीही त्या रात्रीचा मी आजच्या मला विचारतो : दोन तासांच्या झोपेनेच तो वाचला असता, तर मग देवाने काय राखले असते? पुरेशी झोप घेतलेली माणसेही रस्त्यावर मरतात. याला माझ्याजवळ उत्तर नाही. 121वे आणि 127वे, दोन्ही यरुशलेमेला चढून जाणाऱ्या यात्रेकरूंच्या त्या 15 आरोहणस्तोत्रांतलीच आहेत. एकात इस्राएलाचा रक्षक डुलकी घेत नाही आणि झोपत नाही, तर दुसऱ्यात तो आपल्या प्रियजनांना झोपेतही देतो. माझ्या भावाने त्या रात्री एवढेच मागितले होते, आणि नाही म्हणणारा मी होतो.

त्यानंतर पहिल्यांदा प्रवासाला निघालो तेव्हा शास्त्र आईने माझ्या हातात दिले. ‘डुलकी’ या शब्दापाशी मला पुढे वाचता येईना. उरलेले तिने तोंडपाठ म्हटले, ‘तुझे जाणे व येणे’ इथपर्यंत. तिच्या मते त्या ‘जाण्या’त माझ्या भावाचे जाणेही आले. मला अजून तिथपर्यंत जाता आलेले नाही. आता निघण्यापूर्वी मी चालकाला झोप झाली का ते विचारतो, झाली नसेल तर निघत नाही, आणि मग स्तोत्र वाचतो. शेवटी आई आमेन म्हणते. माझ्या तोंडून ते कधी निघते, कधी निघत नाही.