ओहोटीचं पान

कंपनीच्या कॅलेंडरसाठी मुंबईचा निसर्ग टिपायचा म्हटलं की यादी ठरलेलीच असते. शिवडीचे फ्लेमिंगो, बोरिवलीचं नॅशनल पार्क, पावसातला मरीन ड्राइव्ह. चांगलीच ठिकाणं आहेत ती, मीही तिथे मनापासून काम केलंय. पण या शहराचा काळ्या कातळाचा किनारा कुठल्याच पानावर दिसत नाही, ही खंत मला फार दिवसांपासून होती. एका कंपनीने पुढच्या वर्षाची सगळी पानं माझ्याकडे सोपवली, तेव्हा त्यातलं एक मी वांद्र्याच्या कार्टर रोडच्या खडकांसाठी मागून घेतलं.

इथे फोटोची वेळ सूर्यापेक्षा चंद्र ठरवतो. मुंबईत अमावस्या-पौर्णिमेला भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास येते, म्हणजे ओहोटी सकाळ-संध्याकाळ सहाच्या आसपास. उधाणाचे दिवस असल्याने पाणी लांबवर हटतं, आणि तिथीनंतर एक-दोन दिवस तर सगळ्यात जास्त. एरवी पाण्याखाली असलेला खडक ऐन सूर्यास्ताला उघडा पडतो. लँडस्केप करणाऱ्याला आणखी काय हवं? म्हणून पौष पौर्णिमेचा दुसरा दिवस धरला.

कंपनीच्या मार्केटिंगच्या मॅडम सोबत होत्या. त्यांना लालभडक सूर्य हवा होता. पण जानेवारीत मुंबईच्या क्षितिजावर धुरकं साचलेलं असतं. सूर्य पाण्याला टेकलाच नाही, त्याच्या बराच आधी करड्या थरात विरून गेला. मॅडम म्हणाल्या, "आता काही मिळणार नाही, निघू या का?"

जवळच एक कोळीण मावशी खडकावरची कालवं फोडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "पानी अजून उतरतंय. एवढ्यात कुठं चाललात?" त्यांनी हातानेच पुढची एक खोलगट जागा दाखवली. मघाशी तिथे लाटा फुटत होत्या, आता टीचभर पाण्याचं डबकं उरलं होतं.

मी ट्रायपॉड जवळजवळ जमिनीला टेकवला आणि वाकून बघितलं. डबक्याचा तळ झोअँथिडनी भरून गेला होता. प्रवाळांचेच हे भाऊबंद, फक्त प्रवाळांसारखा दगडी सांगाडा यांना नसतो. पाण्याबाहेर राहिलेले मिटून शर्टाच्या बटणांसारखे दिसत होते, तपकिरी, बुळबुळीत, कुणीही सहज तुडवून जावं असे. पण पाण्यातले उमलले होते. प्रत्येकाच्या कडेने बारीक तंतू, मध्ये हिरवट चकती, आणि त्यांच्यावरून शंख पाठीवर घेतलेला एक खेकडा पाय सांभाळत चाललेला. सूर्य असता तर पाण्यावरच्या चमकेत यातलं निम्मंही दिसलं नसतं. मऊ उजेडाने रंग तळापासून वर आणले होते. मी लेन्सवरचा पोलरायझर, म्हणजे पाण्यावरची चमक कापणारी काच, हळूहळू फिरवला. पूर्ण फिरवला की आकाशाचं प्रतिबिंब पुसून जातं आणि डबकं मेल्यासारखं दिसतं. म्हणून अर्ध्यावर थांबलो. पुढे उमललेला तळ, मध्ये ओला कातळ, लांबवर वाकलेल्या मावशी. शटर काही सेकंद उघडं ठेवलं, त्यात मागच्या लाटांचं धुकं झालं.

मॅडम माझ्या शेजारी उकिडव्या बसल्या होत्या. स्क्रीनवर बघून म्हणाल्या, "हे इथलं आहे? कार्टर रोडचं? मी रोज इथून जाते."

मावशींना विचारलं, तुमचा फोटो छापला तर चालेल का? "तोंड दिसत न्हाय ना? मग छापा," म्हणाल्या, आणि कालवांचा डबा उचलून गेल्या.

ऑफिसातली बैठक मात्र लांबली. हा फोटो मुंबईचा वाटत नाही, असा एकाचा आक्षेप होता. मला ते मनाला लागलं. २०२० मध्ये कोस्टल रोडच्या कामासाठी हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरची प्रवाळं उचलून दुसरीकडे लावावी लागली होती. १९७२च्या वन्यजीव कायद्यात प्रवाळांना वाघाच्या बरोबरीचं, पहिल्या अनुसूचीतलं संरक्षण आहे. असं जीवन शहराच्या कडेला असेल आणि शहराला ते आपलं वाटत नसेल, तर तो फोटो भिंतीवर लागायलाच हवा, असं मी तिथे स्पष्ट सांगितलं. माझ्याआधी मॅडमच उठून पानाच्या बाजूने बोलल्या होत्या.

पान मंजूर झालं. मग मी आणखी एक गोष्ट मागितली. कंपनीच्या कॅलेंडरवर तिथ्या नसतात. या एका पानावर अमावस्या-पौर्णिमेच्या तारखांना छोटा काळा-पांढरा गोल द्या, आणि खाली एक ओळ: 'या दिवशी आणि पुढचे दोन दिवस संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास खडक उघडे असतात, पाय कोरड्या दगडावरच ठेवा.' डिझायनरने फॉन्ट लहान केला, पण ओळ पूर्ण छापली.