तुम्ही विचारलंत म्हणून : दानच करायचं होतं, तर घरी बसून करता आलं नसतं का?

हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारला गेलाय, गंगेवर दशक्रियेला गेले तेव्हा विचारला गेलाय आणि परवा बँकेच्या रांगेतही. विचारणाऱ्यांच्या मनात वाकडं काही नसतं. २०१८ साली मी आणि माझे वडील, म्हणजे आमचे अण्णा, 'मंगोल रॅली', म्हणजे जुन्या छोट्या गाडीने युरोपातून थेट रशियातल्या उलान-उदेपर्यंत जायचं आणि त्यानिमित्ताने देणगी जमवायची, ती पूर्ण करून आलो, हे नाशकात बऱ्याच जणांना माहीत आहे. म्हणून एकदा नीट सांगते.

आधी पैशांचं. प्रवासाचा सगळा खर्च आमचा होता : माझी शिल्लक आणि अण्णांच्या ग्रॅच्युइटीतला थोडा भाग. तो जमलेल्या देणगीपेक्षा जास्त झाला, हे मी कुणापासून लपवलेलं नाही. तेवढी रक्कम मी सरळ दान केली असती का? नसती केली. पाच हजारांची पावती फाडली असती आणि महिन्याभरात विसरले असते. देणगीतला एक रुपयाही मात्र आम्ही पेट्रोलमध्ये घातला नाही.

ही रॅली २००४ मध्ये सुरू झाली. शर्यत नव्हे, पहिलं येणाऱ्याला बक्षीस नाही. गाडी लहान इंजिनाची हवी, मार्ग ज्याचा त्याने ठरवायचा, मागे मदतीची गाडी नाही. आमच्या वर्षी प्रत्येक टीमने किमान १,००० पौंड उभे करायचे होते, तेव्हाचे साधारण ९० हजार रुपये. त्यातले ५०० पौंड वर्षावनं वाचवण्यासाठी काम करणाऱ्या 'कूल अर्थ' संस्थेला, बाकीचे आपल्या पसंतीच्या कामाला. पहिले ५०० माझ्या भावाने आणि त्याच्या मित्रांनी इंग्लंडमध्येच जमवले. आमची जुनी १,००० सीसीची मायक्राही त्यानेच शोधली. नाशिकचे पैसे सुरगाण्याकडच्या मुलींच्या एका वसतिगृहाच्या पाण्याच्या टाकीसाठी होते.

अण्णा एसटीच्या वर्कशॉपमधून हेड मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. देणगी मागायची म्हटल्यावर त्यांनी शंभर पानी वही आणली आणि एकच गोष्ट ठरवली : एकरकमी काही घ्यायचं नाही, किलोमीटरमागे घ्यायचं. कुणी दोन पैसे, कुणी पाच, एका डॉक्टरांनी पन्नास. गाडी जाईल तिथपर्यंतचेच पैसे. गाडी बंद पडली की हिशेबही बंद. अण्णांनी त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर अनेक वाऱ्या केल्यात. ते म्हणाले, "आपण चालतो म्हणून लोक भाकरी बांधून देतात. घरी बसून मागितली असती तर दिली असती का?" माझं उत्तर खरं तर एवढंच आहे. पण ते मला तिकडे ताजिकिस्तानातल्या पामीरच्या डोंगरांत उमगलं, म्हणून तो भाग सांगते.

युरोप, तुर्कस्तान, जॉर्जिया भराभर मागे पडले. अझरबैजानहून जहाजाने कॅस्पियन ओलांडून कझाकस्तान, मग उझबेकिस्तान, आणि मग ताजिकिस्तान. पंज नदीच्या कडेने रस्ता जातो तेव्हा पलीकडच्या काठावर अफगाणिस्तान असतं, इतकं जवळ की तिकडची गाढवं मोजता येतात. पुढे पंप दिसेनासे होतात. पेट्रोल बादलीत येतं, डब्याने मापून नरसाळ्यातून ओततात. असंच कुठेतरी गढूळ पेट्रोल टाकीत गेलं आणि मुर्गाब नावाच्या गावाच्या अलीकडे, संध्याकाळी, गाडीने तीन आचके दिले आणि ती थांबली. उजाड पठार, वारा, दोघांच्याही डोक्यात उंचीचे घण. अण्णांनी बॅटरी तोंडात धरून फ्युएल लाइन तपासली आणि म्हणाले, "फिल्टर चोक. आत्ता बोटं चालत नाहीत, उजेडात बघू."

तासाभराने एक कामाझ ट्रक आला. ड्रायव्हरने काही विचारलं नाही, दोर काढला. बांधण्याआधी अण्णांनी खिशातली वही काढून मीटरचा आकडा लिहून घेतला. मला वाटलं, थंडीने यांना भ्रम झालाय. मुर्गाबला पोचल्यावर त्यांनी पुन्हा आकडा लिहिला आणि वजाबाकी केली. एक्केचाळीस. "हे आपण चाललो नाही," म्हणाले, "ओढत आणलं. हे लोकांकडून घ्यायचे नाहीत."

सकाळी त्यांनी फिल्टर काढून उलट्या बाजूने फुंकला. बाहेर आलं ते गोदेच्या पुराच्या पाण्यासारखं लाल गढूळ. त्या दिवसापासून प्रत्येक बादली त्यांच्या जुन्या धोतराच्या चार पदरांतून गाळून टाकीत जायची, आजी हंड्यावर फडकं बांधायची तशी. पुढे अक-बायताल खिंड, ४,६५५ मीटर. आपलं कळसूबाई १,६४६, म्हणजे जवळजवळ तीन कळसूबाया एकावर एक. विरळ हवेत इंजिन दम टाकायला लागलं. वजन कमी व्हावं म्हणून मी उतरले आणि शेवटच्या चढाला गाडीशेजारून चालले. वीस पावलं, थांबा, वीस पावलं. आत अण्णा पहिल्या गिअरमध्ये, स्टिअरिंगवर वाकलेले, गाडीशी बोलत होते. वर पोचल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. आधी मीटर बघितला.

किर्गिझस्तान, पुन्हा कझाकस्तान, सायबेरियाचा तुकडा, मंगोलिया, आणि शेवटी रशियातलं उलान-उदे, जिथे चौकात लेनिनचं नुसतं डोकं उभारलंय, दोन मजल्यांएवढं. आकडा आला १७,४५३. वजा ४१.

परतल्यावर आम्ही दोघं वही घेऊन घरोघरी गेलो. एकाही माणसाने हात आखडला नाही. बहुतेकांनी आधी टाकीचं नाही, त्या बंद पडलेल्या रात्रीचं विचारलं. वाटेतून आमचे मेसेज पोचत होते ना त्यांना, काहीजण तेव्हा झोपले नव्हते.

शेवटचं घर पंचवटीत, अण्णांच्या जुन्या दोस्ताचं. निवृत्त कंडक्टर. दर पाच पैसे. अण्णांनी हिशेब दाखवला : १७,४१२ किलोमीटर, आठशे सत्तर रुपये साठ पैसे. काकांनी चष्मा लावला, वही जवळ ओढली, वजाबाकीवर बोट ठेवलं.

"हे एक्केचाळीस का कापले?"

"ओढून नेली होती गाडी."

"ब्रेकडाऊन झालं म्हणून पॅसेंजरला मुक्कामाला पोचवायचं टाळलं का कधी आपण? दुसऱ्या गाडीने का होईना, पोचला ना? मग तिकीट पूर्ण."

त्यांनी कापलेला आकडा खोडला, खाली नवा हिशेब मांडला आणि आठशे त्र्याहत्तर रुपये मोजून अण्णांच्या हातात ठेवले.