चंडोल आणि कर्नल साहेब

पहाटे सासवडच्या माळावर चंडोल बघायला गेलो होतो. तासभर काही नाही, आणि मग अगदी पायवाटेच्या कडेला, ढेकळाच्या रंगाचा, डोक्यावर इवलासा तुरा. चोच वासून बघत बसला माझ्याकडे. इंग्रजीत याला ‘साइक्सचा चंडोल’ म्हणतात. शास्त्रीय नावात मात्र चक्क ‘देवा’ आहे: गॅलेरिडा देवा!

येताना खडकीच्या, होळकर पुलाजवळच्या युद्ध स्मशानभूमीत थांबलो. आज ११ नोव्हेंबर ना, युद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मरणाचा दिवस. दुसऱ्या महायुद्धातल्या १,६०० हून जास्त सैनिकांच्या कबरी. एकसारखे दगड, कापलेलं गवत. एका दगडावर वय २१. माझा भाचा एवढाच आहे, अजून गाडीची चावी शोधत फिरतो.

तिथे बसल्यावर डोक्यात आलं, हा साइक्स म्हणजे कंपनीच्या फौजेतला विल्यम हेन्री साइक्स. ५ नोव्हेंबर १८१७ ला याच खडकीत पेशव्यांविरुद्ध लढलेला. पुढे दख्खनची आकडेवारी गोळा करता करता पक्षी टिपले, १८३२ मध्ये यादी छापली. पक्ष्यांचं काम चोख केलं, हे कबूल करायलाच हवं.

त्याच लढाईत पेशव्यांच्या बाजूने लढणारे मोरो दीक्षित पडले. त्यांच्या नावाचा पक्षी नाही. आणि नावं नसलेले मावळे तर किती!

अमेरिकेत माणसांच्या नावांवरून ठेवलेली पक्ष्यांची इंग्रजी नावं बदलायचं २०२३ मध्ये ठरलं. आपल्याकडे काय करावं? मला विचाराल तर, माळावरच्या धनगराचं साइक्सच्या नावावाचून कधीच अडलं नाही. तो नुसता चंडोलच म्हणतो.