माग काढणारा पुढे चालतो

शिंगाची जखम बाहेरून बघून काही कळत नाही. यवतमाळला इंटर्नशिप करत होते तेव्हा बैलाने मारलेले शेतकरी यायचे. भोक लहान दिसलं म्हणून टाके घालून घरी पाठवू नका, असं आमचे सर बजावायचे. बैल शिंग खुपसून मान झटकतो, त्यामुळे कातडीला भोक एकच असलं तरी आत दोन-तीन वाटा झालेल्या असतात. झांबियाच्या पूर्व प्रांतातल्या एका मिशन हॉस्पिटलमध्ये सर्जन म्हणून आले, आणि ते शिकवणं इथेही रोजच्या उपयोगाचं निघालं. इथे बैलाच्या जागी केप बफेलो, म्हणजे आफ्रिकी रानरेडा, असतो. वयात आलेला नर सातशे किलोच्या घरातला, आणि कपाळावर दोन्ही शिंगं मिळून झालेली हाडासारखी टणक ढाल.

फिरीची गोष्ट लिहायला घेतली, कारण ती अजून मिटलेली नाही. नाव बदललंय, हे आडनाव इथे घरोघरी सापडतं.

लुआंग्वा नदीच्या खोऱ्यात राष्ट्रीय उद्यानांना लागून ‘गेम मॅनेजमेंट एरिया’ आहेत. त्यात गावं आहेत, जनावरं आहेत आणि सरकारी परवान्याने शिकारही चालते. पावसाळा संपून गवत वाळलं की परदेशी पाहुणे येतात. पाहुण्याबरोबर परवानाधारक व्यावसायिक शिकारी असतो, त्याला सगळे पीएच म्हणतात. शिवाय वन्यजीव खात्याचा बंदूकधारी स्काउट आणि माग काढणारी माणसं. फिरी त्यातला, चाळिशी ओलांडलेला. तो सगळ्यात पुढे, जमिनीकडे बघत, वाकून चालतो. बंदुका त्याच्या मागे असतात. त्याच्या हातात एक काठी.

त्या दिवशी दुपारी लँड क्रूझर थेट कॅज्युअल्टीच्या दाराला लागली. हौद्यात फिरी आडवा, शेजारी गुडघ्यांवर पीएच, आणि त्याची मूठ फिरीच्या जांघेत रुतलेली. त्याने स्वतःचा शर्ट फाडून जखमेत कोंबला होता आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर तासन्‌तास वरून दाब धरला होता. जांघेत टुर्निके, म्हणजे रक्त थांबवायचा आवळपट्टा, बांधता येत नाही, तिथे दाबाशिवाय उपाय नाही. हे त्याला ठाऊक होतं म्हणून फिरी जिवंत पोचला. या धंद्याबद्दल माझी मतं काहीही असोत, त्या माणसाच्या त्या मुठीला मी मानते.

मूठ तशीच ठेवून पेशंट टेबलावर घेतला. अनेस्थेशियाच्या क्लिनिकल ऑफिसरने केटामिन दिलं. फ्रिजमध्ये ओ पॉझिटिव्ह रक्ताच्या दोनच पिशव्या होत्या. चिपाटा, म्हणजे प्रांताचं मुख्य शहर, तिथल्या बाजारात गुजराती मुसलमान व्यापाऱ्यांची जुनी दुकानं आहेत; रक्तदात्यांसाठी त्यांना फोन गेला. आधी जांघेच्या वर, ओटीपोटाच्या कडेला छेद घेऊन धमनी आणि शीर दोन्हींना टेप घातली. म्हणजे खाली काही फुटलंच तर वरून आवळता येतं. मगच पीएचला हात काढायला सांगितलं. त्याला बोटं सरळ करता येईनात.

मांडीच्या मोठ्या शिरेला बाजूने दीडेक सेंटिमीटरची चीर गेली होती. लगतची धमनी उघडी पडून डोळ्यांसमोर उडत होती, पण शाबूत. गॉझ लावलेल्या चिमट्यांनी चिरेच्या वर आणि खाली शीर दाबून धरली आणि 5-0 च्या अगदी बारीक निळ्या धाग्याने शिवली. धमनी तुटली असती तर मुठीनेही भागलं नसतं. पुढचं काम कंटाळवाणं, पण पेशंट जगतो ते त्यावर. शिंगाची एक वाट पोटाच्या भिंतीत वर गेली होती, दुसरी मागे कुल्ल्यापर्यंत. दोन्ही उघडल्या. आतून वाळकं गवत निघालं, काळे राठ केस, माती आणि खाकी चड्डीचा तळहाताएवढा तुकडा. मेलेला स्नायू चिमट्याने दाबला तर आकसत नाही, कापला तर रक्त येत नाही; तो सगळा काढला. सलाइनच्या बाटल्यांमागून बाटल्या ओतल्या आणि कातडी उघडीच ठेवली. नव्या डॉक्टरांना ते बघवत नाही, शिवून टाकावंसं वाटतं. पण अशी जखम बंद केली की गॅस गँगरीन आत कोंडला जातो. चार-पाच दिवसांनी मांस लाल, स्वच्छ दिसलं की मग टाके.

पाहुणाही दुसऱ्या गाडीतून आला होता. सत्तरीकडे झुकलेला, पळताना पडून मनगट मोडलेला. मी प्लास्टर घातलं. तो बाकावर बसून सारखा फिरीबद्दल विचारत होता. माणूस वाईट नव्हता, हे मुद्दाम लिहिते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिपाटाच्या धावपट्टीवर लुसाकाहून छोटं विमान आलं, मोडलेल्या मनगटासाठी. मी विमा कंपनीच्या माणसाशी फोनवर भांडले. शिवलेल्या शिरेत गुठळी झाली तर माझ्याकडे पुढचा इलाज नाही, लुसाका रस्त्याने साडेपाचशे किलोमीटरच्या वर आहे, विमान येतंच आहे तर याला न्या. पॉलिसीवर एकच नाव आहे, असं उत्तर आलं. दुसऱ्या पेशंटसाठी लेखी हमी हवी. पाहुणा म्हणाला, मी पैसे भरतो. तरी हमी शिकार कंपनीकडून यायला हवी होती, आणि कंपनीच्या ऑफिसातून कुणी फोन उचलेना. विमान गेलं. पुढे चौकशी केली तेव्हा कळलं की कंपनीने फिरीचं नाव कामगार भरपाई निधीतसुद्धा नोंदवलेलं नव्हतं. हंगामी माणूस, म्हणे. पाहुण्याच्या एका दिवसाच्या दरापेक्षा फिरीचा महिन्याचा पगार कमी आहे.

नेमकं काय घडलं ते फिरीने ड्रेसिंगच्या वेळी तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. पाहुण्याची गोळी मागे लागली. रेड्याचं हृदय खाली, पुढच्या पायामागे असतं. हरणं मारायची सवय असलेला माणूस वर आणि मागे नेम धरतो. ‘रक्त फिकं, फेसाळ असलं की फुप्फुस,’ फिरी म्हणाला. ‘गडद असलं की यकृत. हे काळपट होतं, डोकोटाला (इथे डॉक्टरला असं म्हणतात), आणि त्यात चारा होता.’ म्हणजे गोळी पोटात, जनावर तासन्‌तास जगणार. अशा वेळी थोडं थांबून मागे जावंच लागतं. जखमी जनावर सोडून यायचं नाही हा पीएचचा धर्मही आहे आणि कायदाही. रेडा दाट झुडपात शिरला आणि वळून स्वतःच्याच मागाच्या कडेला उभा राहिला. दहा पावलांवरून आला. पीएचच्या दोन गोळ्या लागूनही आला. फिरी तेव्हा जमिनीकडे बघत होता, कारण त्याचं कामच ते.

पीएचने मला आणखी एक गोष्ट सांगितली, ती अजून छळते. कॅम्पवर पहिल्या दिवशी निशाण्याची चाचणी घेतात. पाहुण्याची .375 ची रायफल खांद्याला जोरात धक्का देते, आणि चाप ओढताना तो डोळे मिटून दचकत होता. हे पीएचने पाहिलं होतं. पण महिनोन्‌महिने आधी बुक झालेली, पैसे भरलेली शिकार. ‘तुम्ही रेड्यावर गोळी झाडू नका’ हे सांगणार कोण? नाही म्हणणाऱ्या पीएचकडे पुढच्या वर्षी कुणी बुकिंग करत नाही. माझ्या मते गुन्हा तिथे झाला, झुडपात नाही.

दुसऱ्या दिवशी पीएच जखमी रेड्यामागे पुन्हा गेला. त्याच्या पुढे दुसरा माग काढणारा होता. रेडा मिळाला, मारला. मांस गावात वाटलं, फिरीच्या घरीही गेलं.

नातेवाईक व्हॉट्सअ‍ॅपवर विचारतात, असल्या शिकारीला परवानगी देतातच कशी? 2015 मध्ये झिंबाब्वेतल्या ह्वांगे उद्यानाच्या सेसिल सिंहाला बाणाने जखमी करून कित्येक तासांनी मारलं, तेव्हा सगळ्या जगाने विचारलं होतं. रास्त प्रश्न आहे. पोटात गोळी घेऊन झुडपात उभा राहिलेला रेडा डोळ्यांसमोर आणला की मलाही झोप लागत नाही, आणि मौजेसाठी हे करावंसं का वाटतं ते मला आजही समजलेलं नाही. पण उत्तर लांबून वाटतं तितकं सोपं नाही. या खोऱ्यात त्सेत्से माशीमुळे गुरं टिकत नाहीत. फोटो काढणारे पर्यटक दक्षिण लुआंग्वा उद्यानाच्या प्रवेशद्वाराजवळच्या मफुवेच्या आसपास फिरतात, दूरच्या रानात कुणी जात नाही. तिथे स्काउटचा पगार, शाळेची खोली, जे काही येतं ते बहुतेक शिकारीच्या पैशातून. स्काउट नसले की काय होतं तेही याच देशाने पाहिलंय: चोरट्या शिकारीने काळे गेंडे इतके संपवले की 1998 साली ते झांबियातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं, आणि 2003 पासून उत्तर लुआंग्वात बाहेरून आणून सोडावे लागले. केनियाने 1977 मध्ये शिकार बंद केली, ती बंदच आहे. बोट्स्वानाने 2014 मध्ये बंद करून 2019 मध्ये पुन्हा उघडली. इथे 2013 मध्ये सिंह-बिबट्यांच्या शिकारीवर बंदी आली आणि पुढे उठली. या सगळ्या वादात दोन्ही बाजू जनावर मोजतात, डॉलर मोजतात, फार तर शिकाऱ्याच्या जिवाचं बोलतात. 2017 मध्ये झिंबाब्वेत गोळी लागलेली हत्तीण एका नामांकित शिकाऱ्यावर कोसळली, त्याची बातमी जगभर छापून आली. फिरीची बातमी चिपाटातसुद्धा आली नाही. मी पांढरकवड्याच्या बाजूची आहे. अवनी वाघीण 2018 मध्ये मारली गेली तेव्हा शहरांतून निषेध झाले, त्यातलं दुःख खरं होतं. पण कापूस वेचायला जाताना वाघाच्या हल्ल्यात मेलेल्यांची नावं निषेध करणाऱ्यांपैकी कितीजणांना सांगता आली असती?

फिरी बरा झालाय. पाय संध्याकाळी सुजतो, पट्टी बांधून चालतो. मागच्या आठवड्यात तो आला आणि कामावर जायला फिट असल्याचं सर्टिफिकेट मागितलं. हलक्या कामासाठी देते म्हटलं, तर म्हणाला, ‘कॅम्पवर हलकं काम पोरं करतात, पगारही पोरांचा मिळतो. रक्त वाचणारी माणसं आता थोडीच राहिलीत, मला ते येतं.’ त्याला त्या कामाचा अभिमान आहे, आणि तो खराच आहे.

मी कंपनीला पत्र धाडलंय: भरपाई निधीत नोंद केल्याची पावती आणि विमानाने हलवायच्या विम्यात त्याचं नाव, ही दोन्ही दाखवा, मग मी सही करते. उत्तर आलेलं नाही. पीएचचा मात्र फोन आला, पावतीचं मी बघतो, विम्याचं माझ्या हातात नाही. फिरीची बायको काल ओपीडीत येऊन बसली होती. हंगाम सुरू होतोय, मुलीची हॉस्टेलची फी भरायची आहे, आणि तुम्ही सही केली नाही तर कंपनी शेजारच्या गावचा माणूस घेईल, म्हणाली. त्या माणसाचंही नाव निधीत नसणार. तिला मी सोमवारी यायला सांगितलंय.