यादीत कावळा कोण लिहितो!

मे संपत आलेला. शनिवारची दुपार. सिंहगडाच्या पायथ्याच्या दरीत एका डबक्यासमोर आम्ही सगळे गप्प बसलो होतो. पुढे ६०० मिलिमीटरच्या लेन्सांची फळी, मागे माझ्यासारखे नुसते दुर्बीणवाले. बोलायचं नाही, खोकायचं नाही. तरी कुणाची तरी चिवड्याची पिशवी कुरकुरलीच.

आणि स्वर्गीय नर्तक आला. पक्षी बुलबुलाएवढा, पण मागे दीड वितीच्या पांढऱ्या फिती. फांदीवरून पाण्यात सूर मारायचा, पोट भिजतंय न भिजतंय तोच परत फांदीवर. फिती आपल्या सावकाश मागून येणार. शटरचा नुसता कडकडाट! नंतर निलिमा आली, कस्तूर आला. नवरंगाची दोन सुरांची शीळ झाडीतून आली, नवरंग काही आला नाही.

"काय काय मिळालं?" हा परतीचा प्रश्न मला सोसत नाही. मंडईतून आल्यासारखं वाटतं.

माझं पक्षिनिरीक्षण सुरू झालं आजीच्या गच्चीवर. कुरडया घातल्या की हातात काठी देऊन मला जिन्याच्या सावलीत बसवायचे. मधोमध काळी छत्री उघडून ठेवलेली. पहिल्या दिवशी कावळे तिला बिचकत, दुसऱ्या दिवशी तिच्यावरच बसत. एक जण कठड्यावरून माझ्याकडे मान तिरकी करून बघत राही, तेवढ्यात दुसरा मागून कुरडई लांबवी. आजीची पावलं जिन्यावर वाजली की दोघेही शेजारच्या माडावर, अगदी सज्जन. काठी माझ्या हातात, धाक तिचा. मामेभाऊ ओल्या कुरडया खायचा, तोही हिशेब कावळ्यांच्याच नावावर.

रविवारी सकाळी टपरीवर भजी खात होतो. एका कावळ्याने कुणाच्या तरी उष्ट्या ताटलीतला तुकडा उचलला आणि समोरच्या बाभळीवर नेला. तिथे अंगभर ठिपके असलेलं एक पिल्लू पंख थरथरवत, लाल तोंड वासून बसलेलं. कोकिळेचं. कावळ्याने जवळजवळ डोळ्यांपर्यंत चोच त्याच्या घशात घातली. कांद्याचा एक दोरा बाहेर लोंबत राहिला. तो ओढून काढला आणि पुन्हा नीट भरवला. कोकिळेचं पिल्लू कावळ्याच्या पिल्लांना घरट्याबाहेर ढकलतंच असं नाही, पुष्कळदा सगळी एकत्रच वाढतात. म्हणजे घरचीही तोंडं होतीच कुठेतरी.

एवढा बेरकी पक्षी. आजी कोण आणि मी कोण हे ज्याला जिन्यावरच्या पावलांवरून कळायचं, त्याला हे कळत नसेल?

शेजारच्याला दाखवलं. "कावळाच आहे," म्हणाला आणि पुन्हा कॅमेऱ्यात कालची शेपटी मोठी करून बघू लागला. नर्तकाचे फोटो हवे असतील तर त्याच्याकडे चिकार आहेत. मी आणखी एक प्लेट भजी सांगितली.