तुम्ही विचारलंत म्हणून : आठवीला काय घेऊ?

दर मार्चमध्ये मला हमखास विचारला जाणारा प्रश्न परवा गोखले रस्त्यावर, वाण्याच्या दुकानात उभी असताना, आमच्या इमारतीतल्या चौथ्या मजल्यावरच्या वहिनींनी विचारला. ‘‘मॅडम, शाळेतून फॉर्म आलाय. संपूर्ण संस्कृत घेऊ, संयुक्त घेऊ की फ्रेंच?’’ या प्रश्नातले क्रियापद मला नेहमी गमतीचे वाटते, कारण ‘काय घेऊ’ असे विचारणाऱ्यांपैकी कोणीही तो विषय स्वतः शिकणार नसते. शिकणारी मुलगी त्या वेळी शेजारी उभी राहून चिक्कीची पाकिटे न्याहाळत होती.

मी तेवीस वर्षे माध्यमिक शाळेत गणित शिकवले. त्यातली पहिली चौदा वर्षे नौपाड्यातल्या राज्य मंडळाच्या एका खाजगी शाळेत गेली आणि पुढची नऊ घोडबंदर रस्त्यावरच्या सीबीएसईच्या शाळेत. विषयनिवडीचे फॉर्म गोळा करण्याचे काम दोन्हीकडे माझ्याच गळ्यात पडले, कारण बेरजा बिनचूक करील असा विश्वास फक्त गणिताच्या शिक्षकांवर टाकतात. त्यामुळे अनेक वर्षांचे फॉर्म, खाडाखोड केलेले आणि दोनदा बदलून आणलेले, माझ्या हाताखालून गेले आहेत. दुकानात उभ्या-उभ्या मी वहिनींना एका वाक्याचे उत्तर दिले : भाषेची एवढी काळजी करू नका, गणिताची करा. त्यांना ते उडवाउडवीचे वाटले असावे, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

राज्य मंडळाच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत दहावीला सहा विषय असतात : तीन भाषा, गणित, विज्ञान आणि तंत्रज्ञान, आणि सामाजिक शास्त्रे. इंग्रजी आणि मराठी ठरलेल्याच असतात, म्हणून सगळी ओढाताण तिसऱ्या भाषेवर येते. तिथे १०० गुणांची संपूर्ण हिंदी, १०० गुणांचे संपूर्ण संस्कृत, ५० गुणांची हिंदी आणि ५० गुणांचे संस्कृत मिळून होणारा संयुक्त विषय, आणि शाळेत शिक्षक असल्यास फ्रेंच किंवा जर्मन, असे पर्याय असतात. बहुतेक शाळांत आठवीला घेतलेली भाषा दहावीपर्यंत चालते, आणि ‘आता चुकलो तर तीन वर्षे अडकलो’ ही पालकांची भीती तिथूनच येते.

या भीतीचा हिशेब मात्र कोणी मांडून पाहत नाही. अकरावीच्या प्रवेशासाठी टक्केवारी काढताना सहापैकी सर्वाधिक गुणांचे पाच विषय धरतात. ‘बेस्ट फाइव्ह’ हे शब्द ठाण्यातल्या प्रत्येक पालकाला पाठ असतात, परंतु त्यांचा अर्थ तिसऱ्या भाषेलाही लागू होतो हे फॉर्म भरताना कोणाच्या लक्षात येत नाही. संस्कृतमध्ये गुण घसरलेच आणि तो सर्वांत कमी गुणांचा विषय ठरला, तर त्याचे गुण टक्केवारीत धरलेच जात नाहीत. उत्तीर्ण होण्यापुरते मिळाले की झाले. उलट संस्कृतमध्ये ९८ गुण मिळाले तर ते धरले जातात. म्हणजे तिसऱ्या भाषेच्या निवडीत तोट्याला मर्यादा आहे आणि फायदा तेवढा हाताशी आहे. तरीही पालक रात्र-रात्र जागतात ते याच निवडीसाठी.

गुण विषयापेक्षा परीक्षेच्या पद्धतीवर किती अवलंबून असतात, हे आम्ही २०१९ साली पाहिले. त्या वर्षी भाषांचे २० गुणांचे अंतर्गत मूल्यमापन काढून टाकले होते. आदल्या वर्षी राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता, तो ७७.१० टक्क्यांवर आला. पुढच्याच वर्षी अंतर्गत गुण परत आले आणि निकाल ९५.३० टक्क्यांवर गेला. एवढ्यात मुले बिघडली नव्हती की सुधारली नव्हती. त्यामुळे ‘संस्कृत स्कोअरिंग आहे’ असे कोणी छातीठोकपणे सांगू लागले की मी विचारते, कोणत्या वर्षीच्या प्रश्नपत्रिकेत?

इथे माझी स्वतःची एक चूक सांगायला हवी. माझी मुलगी आठवीत गेली तेव्हा तिला संपूर्ण संस्कृत हवे होते. तिच्या आजोबांनी तिच्याकडून लहानपणी सुभाषिते पाठ करून घेतली होती आणि तिला त्या भाषेचा नाद आवडत असे. मी मात्र विचार केला की १०० गुणांचे संस्कृत जड जाईल, संयुक्त बरे, निम्मेच तर आहे. हे ‘निम्मेच’ एका गणित शिकवणाऱ्या बाईने म्हणावे, याची आज लाज वाटते. संयुक्त विषयात पुस्तके दोन : हिंदीचे ‘लोकवाणी’ आणि संस्कृतचे ‘आनंद’. व्याकरणे दोन, शिक्षिका दोन, गृहपाठाच्या वह्या दोन, आणि परीक्षेला अर्धा वेळ एका भाषेत तर अर्धा वेळ दुसऱ्या भाषेत विचार करायचा. संपूर्ण संस्कृत घेतलेल्या मैत्रिणी ‘आमोद’ नावाचे एकच पुस्तक घेऊन धातुरूपे आणि शब्दरूपे घोटत होत्या. दहावीपर्यंत ती त्यांच्या जिभेवर खेळू लागली. माझ्या मुलीला दोन्ही भाषा थोड्या-थोड्या आल्या आणि एकीचीही गोडी लागली नाही. दहावीला तिला सर्वांत कमी गुण मिळाले ते सामाजिक शास्त्रांत, म्हणजे ज्या विषयाची मी तीन वर्षांत एकदाही काळजी केली नव्हती. तोच विषय बेस्ट फाइव्हमधून गळला.

त्यामुळे संस्कृतबद्दल कोणी विचारले की मी आता गुणांचे काहीच सांगत नाही. रोज दहा मिनिटे रूपे म्हणण्याचा, लिहिण्याचा कंटाळा न येणाऱ्या मुलाला संपूर्ण संस्कृत द्यावे. ज्याला तालावर पाठांतर जमते त्याला ते सोपे जाते. घरात हिंदी बोलली जाते किंवा मूल हिंदी आवडीने वाचते, तर संपूर्ण हिंदी घ्यावी, तिच्यात कमीपणा काही नाही. संयुक्त घ्यावे ते खरोखर दोन्ही भाषा हव्या असल्या तर. भीतीपोटी घेऊ नये.

फ्रेंचची गोष्ट वेगळी आहे. फ्रेंच निवडताना आपण भाषा निवडत नसून एक शिक्षिका निवडत असतो. ठाण्यातल्या किंवा नवी मुंबईतल्या मध्यम आकाराच्या शाळेत फ्रेंच शिकवणारी व्यक्ती साधारणपणे एकच असते, आणि संस्थेच्या दोन शाखा असतील तर सोमवार-मंगळवार इकडे आणि बुधवार-गुरुवार तिकडे अशी तिची विभागणी झालेली असते. भाषेच्या तासिकेला सर्व तुकड्या एकाच वेळी फुटतात. संस्कृतची मुले एका वर्गात, हिंदीची दुसऱ्यात आणि फ्रेंचची बारा-पंधरा मुले जिथे जागा मिळेल तिथे, कधी ग्रंथालयात तर कधी प्रयोगशाळेत. शिक्षिकेने नववीच्या मध्यावर नोकरी सोडली तर संस्कृतला दुसऱ्या बाई मिळतात, फ्रेंचला दिवाळी उलटून जाते. यात शाळेचा दुष्टपणा नसतो, वेळापत्रकाची अडचण असते. पण माहितीपुस्तिकेच्या गुळगुळीत पानावर ती छापलेली नसते. म्हणून फ्रेंच घेण्यापूर्वी शाळेला दोन प्रश्न विचारावेत : या बाई इथे किती वर्षे आहेत, आणि गेल्या वर्षी किती मुलांनी फ्रेंच घेऊन दहावीची परीक्षा दिली? उत्तर देताना समोरची व्यक्ती फाइल उघडते की नुसती हसते, ते पाहावे.

सीबीएसईच्या शाळांत आतापर्यंत तिसरी भाषा आठवीपर्यंतच असे आणि नववीत दोन भाषा उरत. महाराष्ट्राच्या २०२० च्या कायद्याने मराठी सर्व मंडळांच्या शाळांत सक्तीची केली, ती २०२०-२१ पासून पहिली आणि सहावीपासून टप्प्याटप्प्याने वर चढत गेली. केंद्रीय मंडळाच्या दहावीच्या परीक्षेला मराठी हा विषय घेतलाच पाहिजे असे मात्र नाही. ‘मराठीतून सुटका होईल का’ हा प्रश्न मला अस्सल मराठी घरांतूनच जास्त आला, एवढे नोंदवून पुढे जाते.

आता गणित. सीबीएसईने २०२० च्या दहावीच्या परीक्षेपासून गणिताच्या दोन प्रश्नपत्रिका ठेवल्या, स्टँडर्ड आणि बेसिक. पाठ्यपुस्तक तेच, वर्गातले शिकवणे तेच, २० गुणांचे अंतर्गत मूल्यमापनही तेच. फक्त ८० गुणांची लेखी प्रश्नपत्रिका सोपी किंवा कठीण. त्यामुळे पालकांना वाटते की सोपी मिळत असेल तर का घेऊ नये? मूळ नियम असा होता की बेसिक देऊन अकरावीला नेहमीचे गणित हवे असेल, तर स्टँडर्डची परीक्षा वेगळी देऊन उत्तीर्ण व्हावे लागेल. करोनाच्या काळापासून मंडळाने त्यात सवलती दिल्या, पण सवलत म्हणजे हक्क नव्हे, आणि ती चालू आहे की नाही हे त्या वर्षीचे परिपत्रक पाहूनच ठरवावे. चौदा वर्षांच्या मुलाला पुढे काय व्हायचे आहे हे ठाऊक नसते आणि नसावेही. म्हणूनच, जोपर्यंत गणिताच्या पेपराने त्याची झोप खरोखर उडत नाही, तोपर्यंत स्टँडर्ड सोडू नये असे माझे मत आहे. शाळा बेसिककडे वळवत असेल तर ती मुलाच्या भल्यासाठी वळवते आहे की शाळेच्या निकालाच्या सरासरीसाठी, हेही शांतपणे विचारावे. शिक्षकांच्या खोलीत दोन्ही प्रकारचे सल्ले शिजताना मी पाहिले आहेत.

केंब्रिज या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या अभ्यासक्रमात हा फरक अधिक खोल आहे, आणि तो आमच्या घरात घडला. माझ्या बहिणीचा मुलगा नेरूळला एका आंतरराष्ट्रीय म्हणवणाऱ्या शाळेत होता. नवी मुंबईत एकाच नोडमध्ये, म्हणजे एकाच उपनगरात, चार मंडळांच्या शाळा असतात आणि फाटकावरच्या पाट्यांवरून आतले काही कळत नाही. नववीच्या सुरुवातीला एका चाचणीवरून त्याला गणिताच्या ‘कोअर’, म्हणजे सोप्या गटात घातले आणि घरी एक कागद सहीसाठी पाठवला. ताईने सहलीच्या संमतिपत्रावर करावी तशी सही केली. कोअर घेणाऱ्याने पेपर कितीही चांगला लिहिला तरी त्याला ‘सी’च्या वरची श्रेणी मिळू शकत नाही, ‘ए-स्टार’ ते ‘बी’ या श्रेणी फक्त ‘एक्स्टेंडेड’ घेणाऱ्यांसाठी असतात. शिवाय वर्गसमीकरणे सोडवणे, फलन, साइन आणि कोसाइनचे नियम हे भाग कोअरमध्ये येतच नाहीत. दहावीच्या अखेरीस मुलाला भौतिकशास्त्राची ओढ लागली, पुढच्या दोन वर्षांसाठी गणित हवे झाले, आणि त्याच शाळेने त्याला सांगितले की त्यासाठी एक्स्टेंडेड लागते. मग शनिवार-रविवारी तो ट्रान्स-हार्बरच्या गाडीने माझ्याकडे ठाण्याला येत असे. जे इतरांनी दोन वर्षांत केले ते आम्ही आठ महिन्यांत उरकले आणि त्याने पुन्हा परीक्षा दिली. तो हुशार होता म्हणून निभावले. त्या आठ महिन्यांत त्याने क्रिकेटची बॅट हातात धरली नाही, त्याचे दुःख मला अजून आहे.

आयसीएसई या आणखी एका मंडळात नववीला असाच एक फाटा येतो. तिथे विषय तीन गटांत विभागलेले असतात. दुसऱ्या गटातल्या विषयांतून दोन निवडायचे असतात आणि त्यात गणित, विज्ञान, अर्थशास्त्र, कमर्शियल स्टडीज असे पर्याय असतात. विज्ञान सोडून वाणिज्याकडे जाणे तेराव्या-चौदाव्या वर्षी शक्य होते, म्हणून तिथेही हात आखडता घ्यावा. तिसऱ्या गटातला विषय, मग तो कॉम्प्युटर असो की चित्रकला, मुलाला खुशाल निवडू द्यावा.

सीबीएसईच्या सहाव्या, कौशल्य विषयाबद्दलही पुष्कळ विचारतात. कृत्रिम बुद्धिमत्ता किंवा माहिती तंत्रज्ञान घेतले की मूल त्या क्षेत्रात पुढे जाईल, असा समज पुस्तिकांनी करून दिला आहे. या विषयांत निम्मे गुण प्रात्यक्षिकाचे असतात, आणि गणित, विज्ञान किंवा सामाजिक शास्त्रांपैकी एखाद्यात मूल अनुत्तीर्ण झाले तर उत्तीर्ण झालेला कौशल्य विषय त्याची जागा घेऊ शकतो. म्हणजे तो मुख्यतः विमा आहे. विमा जरूर घ्यावा, त्याला करिअर समजू नये.

हे सगळे मी वहिनींना दुकानात सांगितले नव्हते. नंतर त्या घरी आल्या, फॉर्म टेबलावर ठेवला, आणि मी प्रथमच मुलीला विचारले की तुला काय हवे. ती म्हणाली, संस्कृत, कारण त्या बाई गाऊन शिकवतात. मी म्हटले, मग संपूर्ण घे. वहिनींनी तिथेच टिक केली, पेनाचे टोपण लावले आणि विचारले, ‘‘आणि अकरावीला बायोलॉजी सोडून कॉम्प्युटर घेतलं तर चालेल ना हो?’’ मी सांगितले की द्विलक्षी कॉम्प्युटर सायन्स २०० गुणांचे असते, ते दुसऱ्या भाषेच्या आणि बहुधा जीवशास्त्राच्या जागी येते, आणि जीवशास्त्र सुटले की वैद्यकीय प्रवेशाच्या नीटचा रस्ता अवघड होतो. तेव्हा हा प्रश्न खरा आहे, पण तो घेऊन तीन वर्षांनी या. मुलगी तोवर जिना उतरून खाली खेळायला गेली होती.