झाला की केला?

खिडकीपलीकडच्या बाईंनी केसपेपर भरताना मान वर न करता विचारलं, "गर्भपात झालाय की केलाय?" मागे रांग होती. मी हळूच म्हणाले, "झालाय."

खरं तर दोन्ही. अकराव्या आठवड्यात सोनोग्राफीत ठोके नव्हते, आणि शरीर काही आपणहून मोकळं होईना. शेवटी क्युरेटिंग करून गर्भपिशवी साफ करावी लागली. मराठीत शब्द एकच, गर्भपात. सगळा निवाडा क्रियापदावर.

ही २०१९ ची गोष्ट. ऑफिसात मी 'व्हायरल ताप' लिहून नऊ दिवस रजा टाकली. सासूबाई म्हणत होत्या, "बाळंतिणीइतकंच जपावं लागतं गं," पण दहाव्या दिवशी मी कामावर.

पुढे कधीतरी पॅन्ट्रीबाहेरच्या फलकावर प्रसूती लाभ कायद्याचा गोषवारा वाचला. तेव्हा लागू असलेला १९६१ चा कायदा. कलम ९: गर्भपात आपोआप झालेला असो वा कायदेशीरपणे वैद्यकीय पद्धतीने केलेला, सहा आठवडे भरपगारी रजा. कलम ४ प्रमाणे तर त्या सहा आठवड्यांत बाईला कामावर ठेवायचंच नाही, आणि तिनेही काम करायचं नाही. म्हणजे दहाव्या दिवशी मी चक्क कायदा मोडत होते!

ठाऊक असतं तरी मागितली असती का रजा? अर्जासोबतचा दाखला आधी साहेबांच्या टेबलावर जाणार. तो तिथून जाऊ नये, एवढी तरी दुरुस्ती मला हवीय. नवऱ्यासाठी कायद्यात काहीच नव्हतं. न्यूझीलंडने २०२१ मध्ये अशा वेळी जोडीदारालाही तीन दिवस भरपगारी रजा दिली. माझा नवरा क्युरेटिंग झालं त्याच संध्याकाळी कॉन्फरन्स कॉलवर होता.

रजेच्या कायद्याला क्रियापदाची फारशी पर्वा नाही. फौजदारी कायद्याला आहे. १८६० च्या दंड संहितेतलं कलम ३१२ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ८८ होऊन बसलंय. जीव वाचवण्याखेरीज गर्भपात घडवणं गुन्हा, बाईने स्वतःचा केला तरी. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्याने त्यातून वाट काढून दिली, तीही डॉक्टरांच्या मतावर. २०२१ मध्ये काही स्त्रियांसाठी गर्भपाताची मुदत २४ आठवड्यांवर गेली, कायद्याच्या भाषेत 'पती'च्या जागी 'जोडीदार' आला. बरं झालं. पण मूळ कलम तसंच आहे, आणि माझ्या मते बदलाची सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

पुढच्या खेपेला दुसऱ्या दवाखान्यात फॉर्मवर दोन चौकटी होत्या: नैसर्गिक, करवून घेतलेला. मी दोन्हींवर खूण केली. नर्सने एक खोडायला लावली.